माहेरची मोटारबोट

बायकोला माहेरी पोहोचवायला टांगा करणारे नवरे मी पाहिले आहेत, आगगाडीचं तिकीट हातावर ठेवणारे पाहिले आहेत, आणि "जायचं तर जा, मी कुठं अडवलंय?" म्हणून पेपर तोंडापुढे धरणारे तर घरोघरी आहेत. पण त्या एका कामासाठी परसात मोटारबोट बांधून घेणारा, तिच्या शेपटाला दोन होड्या लावणारा आणि भाचेजावयाला चार महिने गोदावरीत बुडवून काढणारा नवरा या पृथ्वीतलावर एकच झाला. ते म्हणजे आमचे मामेसासरे, माझ्या बायकोचे सख्खे मामा. असा माणूस पुन्हा होणे नाही. आणि खरं सांगू का, झालाच तर माझ्या सासुरवाडीत होऊ नये, कारण या वयात मला सर्दी सोसत नाही.

आता हे माहेर सरळ रस्त्यावर असतं तर काही प्रश्नच नव्हता. पण मामींचं माहेर पाण्याखाली होतं. मामेसासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर. घोटीच्या बाजूला सरकारनं धरण बांधायचं काढलं तेव्हा पाणी कुठवर चढेल याची पातळी काढत, तिपाईवर दुर्बीण लावून ते गावोगाव हिंडत होते. अशाच एका गावच्या कुलकर्ण्यांनी हा उंच, गोरा, सरकारी पगाराचा मुलगा हेरला आणि आपली मुलगी देऊन टाकली. लग्न झालं. पुढं चार वर्षांनी धरण भरलं आणि जावयानं काढलेल्या पातळीबरहुकूम, एक इंच इकडेतिकडे न होता, सासऱ्यांचं गाव बुडालं. घर गेलं, पार गेला, देवीचं देऊळ गेलं. वडील त्या धसक्यानं गेले, एकुलता एक भाऊ पुढं प्लेगात गेला. तेव्हापासून त्या घरात कुठलाही वाद निघो, अगदी आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून निघो, शेवटी मामी एवढंच म्हणत, "माझं माहेर बुडवलंत, आणि आमटीचं काय घेऊन बसलात!" यावर मामेसासरे जानवं चाचपत पुटपुटत, "मी फक्त पातळी काढली." वीसबावीस वर्षं त्या घरात खारट आमटी बिनतक्रार खाल्ली जात होती.

माणूस मोठा शिस्तीचा. धुणं वाळत घालायची दोरी सुद्धा ते पाणसळ लावून बांधत. देवघरातले देव उंचीच्या क्रमानं उभे असत, त्यामुळे आमच्या मामींचा लाडका रांगता बाळकृष्ण कायम शेवटच्या जागी. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना ते दारातच विचारत, "काम अंदाजे केव्हा पूर्ण होईल?" माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी पत्रावळींची रांग सुतळी लावून सरळ करून घेतली होती, आणि ती सरळ होईपर्यंत दोनशे माणसं हात धुऊन भिंतीला टेकून उभी होती. माझी ओळख त्यांच्याशी झाली ती अशी, उपाशीपोटी. खिशात कायम एक लांबट टिपणवही. तिच्यात वारा, पाऊस, पाहुणे, सगळ्याची नोंद. मात्र 'चूक' हा शब्द त्या वहीत औषधाला सापडायचा नाही. "खात्यात चूक होत नाही जावईबापू," ते मला सांगत, "दुरुस्ती होते." चाळीस वर्षांत आपण एक आकडा खोटा लिहिला नाही, हे ते जेवताना, झोपताना आणि कुणाच्या मयतीला गेले तर तिथंही सांगत.

ते पेन्शनीत आले आणि त्याच सुमारास मामींचे डोळे अधू व्हायला लागले. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं की एक गेल्यात जमा आहे, दुसऱ्याचाही फार भरवसा धरू नका. त्या दिवशी संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मामी म्हणाल्या, "आमच्या देवीची पायरी एकदा बघायची राहिली हो." बास. मामेसासऱ्यांनी वही काढली. आदल्या साली पाऊस ओढून धरलेला होता. म्हणजे वैशाखात धरणाचं पाणी तळाला जाणार आणि देवळाचा चौथरा उघडा पडणार, असं त्यांचं गणित. पण चौथऱ्याभोवती कमरेएवढा गाळ आणि गाळावर जेमतेम वीतभर पाणी. चालत जावं तर माणूस रुतणार, मोठी होडी न्यावी तर होडी रुतणार. शिवाय धरणाच्या भिंतीपासून ते ठिकाण पाण्यावरून तीन कोस लांब. तिथवर वल्हवत जायचं मामींना घेऊन कसं? तेव्हा त्यांनी योजना मांडली, तीही मला समोर बसवून आणि माझा होकार गृहीत धरून. एक छोटी मोटारबोट. तिच्यावर माणसं, चूल, शिधा, सावलीला छप्पर. तिनं दोन हलक्या होड्या मागं ओढत न्यायच्या, खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि तिथून पुढं होडीतून जाऊन यायचं. "लाँच म्हणजे मुख्यालय," ते म्हणाले, "आणि होडी म्हणजे फिरती. आयुष्यभर मी डाकबंगल्यात उतरून फिरती केली. आता डाकबंगलाच पाण्यावर न्यायचा, एवढाच फरक."

होड्यांतली एक त्यांच्याकडे होतीच. एक इंजिनिअर साहेब विलायतेला परत जाताना त्यांना ती देऊन गेला होता. घडीची होडी! लाकडाच्या फासळ्या, वरून हिरवं मेणकापड, दोन माणसं एकामागं एक पाय लांब करून बसायची आणि दोन्ही तोंडांनी पसरट असलेलं वल्हं मारायची. साहेब तिला कायाक म्हणे. उत्तर ध्रुवाकडचे लोक असल्या होडीतून मासे मारतात म्हणे. पंचवटीतल्या लोकांनी तिचा लांबट हिरवा आकार पाहिला आणि पहिल्याच दिवशी तिला 'काकडी' म्हणून टाकलं, ते नाव कायमचं चिकटलं.

मोटारबोट बांधायचं काम गेलं उस्मान मिस्त्रींकडे. मिस्त्री टांगे बांधणारे. नाशकात जेवढे बरे टांगे पळत होते त्यातले निम्मे त्यांच्या हातचे. अंगानं सुकलेल्या शेंगेसारखे, दाढी पांढरी, आणि बोलणं अजून खेड्यातलंच. मामेसासऱ्यांनी त्यांना निळ्या कागदावरचा नकाशा दिला, मापं समजावली. मिस्त्री महिनाभर "व्हय साहेब, व्हय साहेब" करत राहिले आणि महिन्यानं परसात जे उभं राहिलं तो टांगा होता. बिनचाकांचा, पंधरा फुटी, पण टांगाच. चढायला लोखंडी पायदान, दोन्ही बाजूंना पितळी दिवे, बसायला काथ्या भरलेल्या गाद्या, वर रेक्झिनचं टप आणि उजव्या हाताला रबरी फुग्याचा भोंगा. एका मोडीत निघालेल्या लॉरीचं इंजिन मधोमध बसवलेलं. "मिस्त्री, नकाशा पाहिला होता ना तुम्ही?" मामेसासऱ्यांनी विचारलं. "पायला की साहेब," मिस्त्री म्हणाले, "कागद तुमचा लय ब्येस हाय. पर हात माजा हाय ना!"

आता टांग्याची एक गंमत असते. टांगा थोडा धुरजड ठेवावा लागतो, म्हणजे पुढं वजन जास्त, नाहीतर मागची माणसं बसली की तो उलाळ होतो आणि घोडा हवेत. मिस्त्रींनी सवयीनं लाँचही धुरजड बांधली. पण लाँचला पुढं घोडा कुठला? त्यामुळे ती पाण्यात सोडली की नाक खुपसायची. उपाय एकच, मागच्या गादीवर कायम एक माणूस वजनाला पाहिजे. तो उठला की लाँच नमस्कार घालते. मामेसासऱ्यांनी वहीत लिहिलं, 'पुढील भागाकडे वजनाचा अनुकूल कल. मागे एक इसम नेमावा.' तो नेमलेला इसम मी.

पण ते पुढचं. त्याआधी मला कायाक शिकावी लागली. मिस्त्रींनी कामट्या आणि टपाचं उरलेलं रेक्झिन घेऊन एका माणसाची दुसरी काकडी माझ्यासाठी बनवली होती. गाळात कुठं किती पाणी आहे हे बांबूनं चाचपत मी पुढं जायचं आणि मागून मामेसासरे मामींना घेऊन येणार, अशी योजना. मी शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस. पाण्याशी माझा संबंध स्नानसंध्येपुरता. अधिक महिन्यात लोक जावयाला चांदीच्या ताटात अनारसे देतात, माझ्या मामेसासऱ्यांनी मला वल्हं दिलं. जावई म्हणून मान मात्र शब्दाशब्दाला. "जावईबापू, आता कृपा करून पालथे व्हा." साहेबानं होडीबरोबर एक पुस्तक दिलं होतं, त्यात होडी पालथी झाल्यावर बसल्या जागी कोलांटी मारून सरळ कसं व्हावं याची चित्रं होती. "तत्त्वतः सोपं आहे," असं काठावरून ते ओरडत, आणि तत्त्व माझ्या नाकातून घशात उतरे. पौषातल्या एका सकाळी मी असाच पालथा झालो तो सरळ झालोच नाही. ओढीनं काकडीसकट मला खाली नेलं आणि थेट घाटाच्या पायऱ्यांवर आपटलं. तिथं एका क्षेत्रोपाध्यांनी माझा दंड धरून मला वर काढलं. मी जिवंत आहे की नाही हे बघायच्या आधी त्यांनी विचारलं, "गाव कुठलं? आडनाव काय?" मी खोकत खोकत आडनाव सांगितलं. "हां, म्हणजे आमचेच यजमान!" म्हणत त्यांनी मला तसाच पाण्यात उभा करून संकल्प सोडायला लावला. वर पळत आलेल्या मामेसासऱ्यांनी घड्याळ पाहून वहीत नोंद केली, 'घाटापर्यंत सात मिनिटे. प्रगती समाधानकारक.'

चैत्रात लाँच धरणावर न्यायची निघाली. दोन बैलगाड्या एकामागं एक जोडून त्यांवर ती आडवी घातली, वर मी बसलेला, कारण मागचा इसम नेमलेला होता ना! आग्रा रोडच्या नाक्यावर कारकुनानं अडवलं. त्याच्या पुस्तकात मोटार होती, छकडा होता, म्हैस होती, पण जहाज नव्हतं. शेवटी त्यानं पायदान पाहिलं, दिवे पाहिले, भोंगा दाबून पाहिला आणि सुस्कारा टाकून लिहिलं, 'टांगा एक, मोठा. चाके नाहीत. घोडा नाही.' उस्मान मिस्त्री मागून चालत येत होते, त्यांची कळी खुलली. "बगा साहेब, सरकारनंबी टांगाच म्हनलं!"

सगळी जय्यत तयारी झाली. धरणावर लाँच तरंगली, इंजिन तिसऱ्या हँडलला सुरू झालं, मामींच्या फुटक्या जात्याची तळी दोराला बांधून नांगर झाला. यादीतल्या एकेचाळीस बाबींवर खुणा झाल्या. आखाजीचा मुहूर्त धरला होता. अक्षय्य तृतीयेला आमच्या बाजूला आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी जातात. पाणीही अगदी गणिताप्रमाणे उतरलं होतं, देवळाचा चौथरा दिसायला लागल्याची खबर आली होती. आखाजीच्या तीन दिवस आधी मामेसासरे स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल. तुला माहेरी न्यायची व्यवस्था पूर्ण झाली आहे."

मामींनी पोळी उलटली. "मी नाही यायची."

"का?"

"माहेरी नवऱ्याच्या मागून कोण जातं? न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. बोलावणं नाही, मुराळी नाही, आणि मी आपली उठून निघू? माझं माहेर बुडालं असेल, रीत बुडालेली नाही."

मामेसासऱ्यांचा चेहरा मी प्रथमच तसा पाहिला. सासरी लेकीला न्यायला येतो तो मुराळी. तो असतो भाऊ, चुलता, निदान गावचं कुणी. एकेचाळीस बाबी लिहिल्या, पण बेचाळिसावी राहिली. बरं, हा काही पोकळ हट्ट नव्हता. बावीस वर्षं दर आखाजीला शेजारणींचे मुराळी यायचे आणि मामी दार लोटून घ्यायच्या, हे माझ्या बायकोनं लहानपणापासून पाहिलं होतं. आता मुराळी आणायचा कुठून? भाऊ नाही, चुलता नाही, गाव तर चहूकडं पांगलेलं. आणि तिकडं एक वळवाचा जोरदार पाऊस पडला की चौथरा गाळात गडप, पुढल्या वर्षी पाणी उतरेल का आणि उतरलं तरी डोळा असेल का, कुणाला ठाऊक! मामेसासरे परसात लाँचची जिथं बांधणी झाली होती तिथल्या भुशात बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. आमटी त्या दिवशी बरोबर झाली होती, तरी उठले नाहीत.

तेवढ्यात उस्मान मिस्त्री राहिलेली हत्यारं न्यायला आले. त्यांनी विचारलं, काय झालं? मामेसासऱ्यांनी सांगितलं. मिस्त्री जरा वेळ दाढी कुरवाळत उभे राहिले आणि मग एकदम उसळले, "मंग मी काय मेलो का साहेब? कुलकरन्याच्या घरची कवाडं माज्या बापानं घडवली. गाव बुडालं तवाच आमी नाशकाला आलो ना! आक्काच्या गावचा मी जित्ता असताना मुराळी नाय म्हंता?" मामेसासरे बघतच राहिले. सहा महिने हा माणूस त्यांच्या परसात येत-जात होता आणि त्यांनी त्याला लाकडापलीकडं काही विचारलं नव्हतं. "तुम्ही बोलला का नाहीत?" "तुमी मापं इचारली साहेब," मिस्त्री म्हणाले, "गाव कुटं इचारलं?"

आखाजीच्या आदल्या सकाळी दाराशी टांगा थांबला. त्यातून पांढराशुभ्र लेंगा, काळा कोट आणि नवी टोपी घातलेले उस्मान मिस्त्री उतरले. रोज परसातून येणारा माणूस त्या दिवशी पुढच्या दारानं आला, ओसरीवर बसला आणि रीतीप्रमाणे खाली मान घालून म्हणाला, "आखाजीला लेकीला न्यायला आलोय. धाडता न्हवं?"

आता सासरच्या माणसानं हो म्हणायचं, एवढंच काम. पण चाळीस वर्षं रजेचे अर्ज हाताळलेला माणूस! त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किती दिवसांसाठी?"

"आठ दिस."

"आठ? आठ शक्य नाही. एक दिवस मंजूर."

"अहो, एका दिवसासाठी माहेरी कोण धाडतं!" आतून मामी कडाडल्या. आणि आम्हांला कळलं की मामी यायला तयार आहेत. मग त्या बाहेर आल्या. हातात पितळी तांब्या आणि गुळाचा खडा. मिस्त्रींना एरवी चहा मिळायचा तो परसातल्या कोनाड्यातल्या निराळ्या कपात. मामींचं सोवळं एवढं कडक की मला सुद्धा कधीकधी वाटे, आपल्याला कोनाड्यात ठेवतील. माझ्या बायकोनं भुवया उंचावल्या. मामी म्हणाल्या, "बघतेस काय? मुराळ्याला कपात पाणी देतात का?"

निघताना मामींनी गोदावरीच्या पाण्यानं भरलेली कळशी बरोबर घेतली. मी हसलो. म्हटलं, "मामी, एवढ्या मोठ्या तलावावर जातोय, आणि पाणी घरून?" त्या म्हणाल्या, "त्या पाण्यानं माझं घर खाल्लं. त्याचा थेंब मी तोंडात घ्यायची नाही." मामेसासरे पुढं होते. त्यांनी ऐकलं, पण पातळीबद्दल काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच निघाली. सुकाणूवर खाकी चड्डी आणि डोक्याला रुमाल बांधलेले मामेसासरे, मधे गादीवर नऊवारी सावरून मामी, त्यांच्या पायाशी मिस्त्री, आणि मागं वजनाला मी. दोन काकड्या दोरीला मागून डुलत येत होत्या. बगळे दिसले की मामेसासरे भोंगा वाजवत. तासाभरानं गाळाचा पट्टा लागला. जात्याची तळी धाडकन पाण्यात गेली, दोर चार हात सुटला आणि थांबला. समोर दोनशे पावलांवर काळाभोर चौथरा आणि त्याच्या तीन पायऱ्या पाण्याबाहेर आल्या होत्या. मामी त्या दिशेला तोंड करून बसल्या, पण त्यांना दिसत होती ती फक्त काळी रेघ.

मामेसासऱ्यांनी आधी स्वतः एकट्यानं चाचणी घ्यायचं ठरवलं. ते मोठ्या काकडीत बसले, वल्हं मारलं, पंधरावीस हात गेले आणि थांबले. काकडी गाळावर टेकली होती. त्यांनी वल्हं मारलं, काकडीनं नुसती मान हलवली. पेन्शनीत त्यांचं वजन वाढलं होतं, ते त्यांनी मोजलंच नव्हतं. शेवटी मी दोरानं त्यांना परत ओढून घेतलं. वर येऊन त्यांनी वहीत लिहिलं, 'पाणी अपेक्षेपेक्षा कमी.' मग क्षणभर थांबले, ते खोडलं, आणि लिहिलं, 'इसम अपेक्षेपेक्षा जड.' मी त्यांना काही खोडताना पाहिलं ते तेवढंच.

"साहेब, तुमी बसा," मिस्त्री म्हणाले. "न्यायला मुराळीच जातो." सुकलेल्या शेंगेसारखा माणूस काकडीत बसला, तर पाण्याला कळलंसुद्धा नाही. मी माझी काकडी ओढायला उठलो तोच लाँचनं नाक खुपसलं. "जावईबापू, बसा!" चार महिने नाकातोंडात पाणी घेऊन, थंडीतापानं फणफणून मी जी विद्या शिकलो, तिचा ऐन दिवशी उपयोग काय, तर बसणं. मिस्त्रींनी चिमणीएवढ्या मामींना हात देऊन पुढच्या जागेवर उतरवलं. मामींनी त्यांचा हात घट्ट धरला होता, आणि सोवळ्याचं कुणाला काही आठवलं नाही.

मामेसासऱ्यांनी जुन्या पेटीतून दुर्बीण काढली. ज्या दुर्बिणीतून त्यांनी त्या गावाची पातळी काढली होती तीच. खात्यानं मोडीत काढली तेव्हा ते ती मागून घेऊन आले होते. तिपाईवर लावून ते एक डोळा मिटून बघू लागले आणि मला म्हणाले, "हलू नका." मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. "पोहोचली," ते म्हणाले. "उतरली. पायरीवर बसली. हात फिरवतेय पायरीवरून." मला राहवेना. मी बसल्या जागेवरून मान लांब करून डोळा लावला, तर सगळं उलटं! वर पाणी, खाली आभाळ, आणि मधे डोकं खाली करून बसलेल्या मामी. "मामा, हे उलटं दिसतंय!" "मोजणीची दुर्बीण उलटंच दाखवते," ते म्हणाले. "आम्हांला सवय असते."

मिस्त्रींनी घरून बायकोनं दिलेला खण आणि नारळ पायरीवर ठेवला, मामींनी तो पदरात घेतला. माहेरची ओटी. पुन्हा मामेसासऱ्यांनी डोळा लावला. मग अगदी हळू म्हणाले, "प्यायली."

"काय?"

"पाणी. वाकली, ओंजळ भरली, आणि ते पाणी प्यायली."

डोळा त्यांनी दुर्बिणीवरून काढलाच नाही, नुसताच हात माझ्याकडं केला, आणि मी तो धरला. सासरे-जावयांत असलं काही करायची पद्धत नाही, पण तिथं पाण्यावर बघायला होतं कोण? थोड्या वेळानं त्यांनी वही काढली. मी वाकून पाहिलं. तारीख, वेळ, वारा, आणि त्याखाली दोनच शब्द: 'दुरुस्ती. अंशतः.'

मामी परत आल्या त्या खण पदरात घट्ट धरून. लाँचवर चढल्या, बसल्या, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही पायरीवर पातळीची खूण कोरली होती ना, ती आहे हो अजून. हाताला लागली. छिन्नी वाकडी धरली होती तुम्ही." मामेसासरे म्हणाले, "शक्य नाही." आणि मग दोघंही हसले. कळशीतलं गोदावरीचं पाणी येताना मी एकटाच प्यालो.

ती पायरी पुन्हा कधी दिसली नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत पाऊस चांगला झाला, धरण आखाजीलाही अर्धं भरलेलं असे. मामींचा दुसरा डोळाही दीडेक वर्षात गेला. पण दर आखाजीला पांढरा लेंगा आणि काळा कोट घालून उस्मान मिस्त्री पुढच्या दारी येत, पितळी तांब्यातलं पाणी पीत, आठ दिवस मागत, एक दिवस मंजूर होई, आणि आम्ही चौघं लाँचमधून निघत असू. तिथं पोहोचलं की नांगर पडायचा, मामेसासरे दुर्बीण लावायचे आणि मामी विचारायच्या, "दिसते का हो पायरी?"

"दिसते."

"आणि खूण?"

"पाण्यावर तीन बोटं आहे."

पहिल्या खेपेला मी चकित होऊन दुर्बिणीला डोळा लावला. सगळीकडं नुसतं पाणी. उलटं, पण पाणीच. चाळीस वर्षांत एक आकडा खोटा न लिहिलेला माणूस माझ्याकडं बघतही नव्हता.

आता ते नाहीत, मामी नाहीत, मिस्त्रीही नाहीत, म्हणून सांगतो. अशाच एका आखाजीला मामेसासरे इंजिनाला हँडल मारत होते आणि ते काही केल्या सुरू होत नव्हतं. मामींनी मला हातानं जवळ बोलावलं. मी उठणार, तोच म्हणाल्या, "उठू नका, नाक खुपसेल. तिथूनच ऐका. त्या वर्षी नांगराचा दोर चार हात सुटला होता. आज मी हातातून सरकताना मोजला, तेहेतीस हात सुटला. पायरी कुठली दिसतेय!" त्या हसल्या आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "पण त्यांना बोलू नका हं जावईबापू. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताहेत, तेही माझ्यासाठी. अजून नीट जमत नाही, पण शिकतील हळूहळू."